नवरा दुसऱ्या राज्यात, मूल आपल्याकडे: न्यू जर्सीत सरकारी यंत्रणेमार्फत चाइल्ड सपोर्ट कसा मागायचा आणि कसा वसूल होतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई एडिसनला राहतात, एच-४ वर (नवऱ्याच्या व्हिसावर मिळणारा पत्नीचा व्हिसा) आहेत आणि वर्क परमिटवर एका डे-केअरमध्ये अर्धवेळ काम करतात. मुलगी सात वर्षांची, इथल्याच शाळेत जाते. नवरा एच-१बी वर (नोकरीचा व्हिसा), आयटीत. प्रोजेक्टच्या निमित्ताने डॅलसला गेला तो परत आलाच नाही. घटस्फोट झालेला नाही. सुरुवातीला घराचं भाडं भरायचा, आता मनात येईल तेव्हा झेलवर (बँकेतून फोनवर पैसे पाठवायची सोय) दोन-तीनशे डॉलर टाकतो. सासरचे फोनवर सांगतात, "केस केलीस तर त्याची नोकरी जाईल, नाहीतर तो सरळ इंडियात निघून येईल, मग बस रडत." घटस्फोटाशिवाय चाइल्ड सपोर्ट, म्हणजे मुलीच्या खर्चाचे पैसे, मागता येतो का, वकील करावाच लागतो का, व्हिसाला धक्का लागतो का आणि सासरचे म्हणतात ते खरं का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी न्यू जर्सीत बरीच वर्षं कौटुंबिक खटले चालवते. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे तुमच्या प्रकरणातल्या बारकाव्यांसाठी एकदा कुणाशी तरी समोरासमोर बोला. पण वाट बरीचशी ठरलेली आहे, ती सांगते.

ताई, आधी अर्ज दाखल करा. बाकीचं हे सगळं त्यानंतर वाचलंत तरी चालेल. इथे पहिला चाइल्ड सपोर्ट सहसा अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून लागू होतो. नवऱ्याने पैसे कधी थांबवले हे कोर्ट ऐकून घेतं, पण हिशोब अर्जाच्या तारखेपासून सुरू होतो. "दिवाळीला घरचे समजावतील", "त्याचा प्रोजेक्ट संपला की येईल" असं म्हणत थांबण्यात गेलेले महिने बहुतेक वेळा गेलेच. उलट अर्ज करून ठेवला आणि सुनावणी दोन-तीन महिन्यांनी लागली, तरी मधल्या काळाची रक्कम थकबाकी म्हणून त्याच्या नावावर चढते.

घटस्फोट लागत नाही. न्यू जर्सीच्या कोर्टात घटस्फोटाच्या प्रकरणांना एफएम क्रमांक पडतो. लग्न झालेलंच नाही, किंवा झालंय पण घटस्फोट मागितलेला नाही, अशा प्रकरणांना एफडी क्रमांक पडतो. तुमचा अर्ज एफडीमध्ये जाईल. एच-४ वरच्या बाईसाठी हा फरक फार मोलाचा आहे. तुमचा व्हिसा लग्नावर आणि नवऱ्याच्या एच-१बी वर उभा आहे. घटस्फोटाचा हुकूम झाला की एच-४ चा आधार जातो. मुलीसाठी पैसे मागितल्याने काही जात नाही. अर्जाला नागरिकत्वाची अट नाही. चाइल्ड सपोर्ट म्हणजे मुलीच्या बापाचा पैसा, सरकारी अनुदान नव्हे, त्यामुळे पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी "सरकारवर बोजा" या मुद्द्यात तो मोजला जात नाही. व्हिसाच्या भीतीने मूग गिळून बसलेल्या फार बायका मी बघते, म्हणून हे स्पष्ट लिहिलं. मारहाण, धमक्या, पासपोर्ट काढून घेणं असा प्रकार झाला असेल तर गोष्ट वेगळी होते. मग संरक्षणाच्या हुकुमातच मुलीचा खर्च मागता येतो, तुमचा पत्ता त्याच्यापासून गुप्त ठेवता येतो आणि छळ झालेल्या एच-४ पत्नीला स्वतंत्र वर्क परमिट मागण्याचीही सोय आहे. अशा वेळी "मानवी" या संस्थेला फोन करा. न्यू जर्सीत १९८५ पासून ही संस्था दक्षिण आशियाई बायकांसाठीच काम करते.

आता ही यंत्रणा काय आहे ते. १९७५ मध्ये अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी कायद्यात एक भाग घालण्यात आला, त्याला इथे फोर-डी म्हणतात. मूळ हेतू असा की बाप पैसे देत नाही म्हणून आई-मुलं सरकारी मदतीवर येतात, तर तो पैसा बापाकडून वसूल करावा. पुढे ती सेवा सगळ्यांसाठी खुली झाली. पैसा आणि नियम वॉशिंग्टनचे, काम राज्यांचं. न्यू जर्सीत अर्ज राज्याच्या चाइल्ड सपोर्ट संकेतस्थळावरून किंवा काउंटीत जाऊन करता येतो, हुकूम सुपीरियर कोर्टाचा फॅमिली विभाग काढतो आणि वसुली प्रोबेशन विभाग बघतो. प्रोबेशन म्हटल्यावर आपल्याकडच्या लोकांना गुन्हेगारी आठवते आणि घाबरायला होतं, पण इथे ते फक्त वसुली खात्याचं नाव आहे. अर्जाची फी केंद्राच्या नियमाने २५ डॉलरपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि इथे ती नाममात्र आहे. वर्षात ५५० डॉलर वसूल झाले की ३५ डॉलरचं सेवाशुल्क लागतं. एवढ्या पैशात खासगी वकील तुमचं पहिलं पत्रही वाचणार नाही.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. ही यंत्रणा तुमची वकील नाही. तिथला सरकारी वकीलही तुमची बाजू मांडायला नसतो. मुलीचा ताबा, भेटीचे दिवस, घटस्फोट, दागिने, पुण्यातला फ्लॅट, यात ती पडत नाही. ती बापाला शोधते, हुकूम मिळवून देते, पैसे गोळा करते आणि तुमच्या खात्यात टाकते. आणि हेसुद्धा ती तुम्ही दिलेल्या माहितीवरच करते. एकेका कर्मचाऱ्याकडे प्रचंड फायली असतात. ज्या फायलीत नवऱ्याच्या कंपनीचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक असतो ती पुढे सरकते. "आयटीत आहे, डॅलसला असतो" एवढंच लिहिलेली पडून राहते. त्यामुळे साध्या प्रकरणात वकील लागत नाही, पण तयारी स्वतःची लागते. बाप स्वतःच्या धंद्यात उत्पन्न दडवतोय किंवा भारतात मालमत्ता फिरवतोय असं असेल, तर वकिलावर खर्च करा.

तुमचा अर्ज न्यू जर्सीतच व्हायला हवा, डॅलसला नाही. नवरा टेक्सासला असला तरी तो इथे मुलीबरोबर राहिलेला आहे, आणि तेवढ्यावर इथल्या कोर्टाला त्याच्याविरुद्ध हुकूम काढता येतो. तो इथे कधीच राहिला नसता तर दोन राज्यांच्या खात्यांमधून प्रकरण फिरवावं लागलं असतं आणि वेळ कितीतरी पटीने लागला असता. राज्याची निवड हा फक्त सोयीचा प्रश्न नाही. सपोर्ट किती वर्षं चालायचा हे ज्या राज्यात हुकूम झाला तिथल्या कायद्याने ठरतं. टेक्सासमध्ये तो साधारण १८ व्या वर्षी किंवा हायस्कूल संपल्यावर थांबतो, आणि एका मुलाला बापाच्या निव्वळ उत्पन्नाच्या २० टक्के, तेही उत्पन्नाच्या एका ठरावीक मर्यादेपर्यंतच. न्यू जर्सीत २०१७ च्या फेब्रुवारीपासूनच्या कायद्याने तो १९ ला आपोआप संपतो, पण मूल पूर्णवेळ कॉलेजात असेल किंवा अपंगत्व असेल तर २३ पर्यंत वाढवून मागता येतो. शिवाय कॉलेजच्या खर्चात आईबापाने वाटा उचलावा असा हुकूम इथली कोर्टं देतात. १९८२ च्या न्यूबर्ग विरुद्ध अरिगो या निकालापासून ती वाट पक्की आहे. सात वर्षांच्या मुलीसाठी हे सगळं आज दूरचं वाटेल, पण पाया आत्ताच घातला जातो. तुम्ही किंवा मुलगी इथे राहत आहात तोवर हा हुकूम बदलण्याचा अधिकारही न्यू जर्सीकडेच राहतो. तो डॅलसच्या कोर्टात जाऊन आकडा कमी करून आणू शकत नाही.

कागद कोणते जमवायचे यावर जरा थांबते, कारण खरी केस इथेच उभी राहते. मुलीचा जन्मदाखला आणि तुमचा विवाह नोंदणीचा दाखला. लग्न झालेलं असताना मूल झालं, तर नवरा बाप आहे हे कायदा गृहीत धरतो, त्यामुळे डीएनए चाचणी वगैरे भानगड सहसा येत नाही. महाराष्ट्रातल्या महानगरपालिकांचे दाखले मराठी-इंग्रजी असतात, ते चालून जातात. निव्वळ मराठी दाखला असेल तर भाषांतर करून घ्या.

मग उत्पन्न. "तो मला पगार सांगतच नाही" हे वाक्य मी जवळपास रोज ऐकते. तुमच्या हातात काय आहे ते बघा. तुम्ही दोघांनी मिळून टॅक्स रिटर्न भरलं असेल तर तुम्हीही करदात्या आहात. त्या वर्षांचा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे रिटर्नचा उतारा, तुम्ही स्वतः आयआरएसकडून (अमेरिकेचं कर खातं) मागवू शकता, त्याला विचारायची गरज नाही. त्या रिटर्नला शेड्यूल बी जोडलेलं असेल तर त्याच्या तिसऱ्या भागात परदेशातल्या बँक खात्यांबद्दल प्रश्न असतो, आणि एकूण शिल्लक कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार, म्हणजे त्या खात्यांचं वेगळं विवरण, भरावा लागतो. भारतातल्या ठेवी, एनआरओ खातं (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं बँक खातं), वाकडच्या फ्लॅटचं भाडं, हे उत्पन्न तो कोर्टात "नाही" म्हणाला की हाच कागद पुढे करायचा. दुसरं, त्याच्या एच-१बी च्या आय-७९७ ची, म्हणजे मंजुरीच्या कागदाची, प्रत तुमच्या एच-४ च्या फायलीत असते. त्यावर कंपनीचं नेमकं कायदेशीर नाव सापडतं. एच-१बी साठी कंपनीला कामगार खात्याकडे पगार नमूद करून अर्ज द्यावा लागतो, तो एलसीए, आणि त्याची आकडेवारी कामगार खातं जाहीर करतं. त्या नोंदीत कंपनी, कामाचं शहर, पद आणि पगार असतो. नवऱ्याचं नाव त्यात नसतं, पण कंपनी आणि पद माहीत असलं की तो साधारण काय कमावतो हे कोर्टापुढे ठेवायला तेवढं पुरतं. "मी बेंचवर आहे (म्हणजे सध्या प्रोजेक्ट नाही), पगार नाही" असं तो म्हणाला, तर कंपनीला बेंचवरही तो पगार द्यावाच लागतो हे कोर्टाला सांगा. जुन्या पे-स्टबचे (पगाराच्या पावत्यांचे) फोटो, डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचा दाखला), कंपनीच्या शेअर्सची पत्रं, जे मिळेल ते एका फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे लावा.

आणि त्याने आजवर पाठवलेल्या प्रत्येक झेलची यादी करा, खरी. तो सुनावणीला स्वतःची यादी घेऊन येईल. दोन्ही याद्या जुळल्या तर तुमचा बाकीचा शब्दही मानला जातो.

अर्जानंतर दोघांना नोटीस जाते. सुनावणी बहुतेक वेळा न्यायाधीशापुढे नसते, चाइल्ड सपोर्ट हिअरिंग ऑफिसरपुढे असते. वातावरण साधं असतं, पण बोलायला वेळ थोडाच मिळतो. इंग्रजीत अडखळायला होत असेल तर मराठी दुभाषी आधीच लेखी मागा, कोर्ट तो फुकट देतं. मैत्रिणीला बोलायला नेऊ नका, पुराव्याचं बोलणं दुभाष्यामार्फतच व्हायला हवं. ऑफिसर शिफारस करतो आणि तिच्यावर न्यायाधीशाची सही झाली की हुकूम होतो. शिफारस पटली नाही तर तिथल्या तिथे "मला न्यायाधीशापुढे जायचंय" असं सांगा. ती सोय सहसा त्याच दिवशी मिळते. घरी आल्यावर दोन दिवसांनी नाराजी वाटून उपयोग नसतो. हातात पडलेला कागद, युनिफॉर्म समरी सपोर्ट ऑर्डर, निघण्यापूर्वी पूर्ण वाचा: दर आठवड्याची रक्कम, सुरू होण्याची तारीख, थकबाकीवर जादा किती, आरोग्यविमा कुणाकडे, डे-केअर धरलंय की नाही.

रक्कम कशी ठरते? न्यू जर्सीत दोघांचं निव्वळ साप्ताहिक उत्पन्न एकत्र करतात, त्या उत्पन्नाच्या घरात एका मुलावर किती खर्च होतो ते तक्त्यातून काढतात आणि उत्पन्नाच्या प्रमाणात वाटतात. समजा एकत्र उत्पन्नात त्याचा वाटा ८० टक्के आणि तुमचा २०, तर मुलीच्या खर्चाचा ८० टक्के भार त्याचा. तुम्ही कामावर असताना लागणारं आफ्टर-स्कूल आठवड्याला १५० डॉलर असेल तर ते वेगळं मिळवलं जातं आणि साधारण १२० डॉलर त्याच्या बाजूला जातात, टॅक्स सवलतीचा थोडा फरक सोडून. मुलीच्या विम्याचा हप्ताही असाच. म्हणून डे-केअरची पावती विसरू नका, ती न नेणाऱ्या आया दर आठवड्याला ते पैसे गमावतात. तो ४०१(के) मध्ये (नोकरीतलं निवृत्ती-बचत खातं) स्वखुशीने टाकतो ती रक्कम उत्पन्नातून वजा होत नाही. बोनस आणि शेअर्स उत्पन्नात येतात. उलट, भरतनाट्यमचा क्लास, शनिवार-रविवारची मराठी शाळा, पोहणं, हे मूळ रकमेतच धरलेलं असतं, त्याचं वेगळं बिल सहसा मान्य होत नाही. मुलगी वर्षभर सरासरी आठवड्याला दोन किंवा जास्त रात्री त्याच्याकडे राहत असेल तर दुसरा तक्ता लागतो आणि रक्कम घटते. डॅलसहून तो वर्षातून दोनदा भेटायला येत असेल तर तो प्रश्न तुमच्याकडे येणार नाही. मिळालेल्या चाइल्ड सपोर्टवर तुम्हाला टॅक्स नाही.

आता वसुली. तो नोकरी करत असेल तर बाकी सगळ्या उपायांपेक्षा एकच उपाय जास्त पैसे आणतो: पगारातून कपात. हुकूम झाला की कंपनीला कपातीची नोटीस जाते आणि कंपनी टेक्सासची असली तरी ती थेट पाठवता येते, टेक्सासच्या कोर्टाची परवानगी लागत नाही. पगाराच्या दिवसापासून सात कामकाजाच्या दिवसांत कंपनीने पैसे पुढे पाठवायचे आणि राज्याच्या पेमेंट केंद्राने ते आल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत तुम्हाला द्यायचे, असा नियम आहे. पहिली कपात सुरू व्हायला मात्र थोडा वेळ जातो. त्या महिन्यात घाबरू नका, आणि त्याने "तोवर मी झेल करतो" म्हटलं तरी हुकुमात लिहिल्याप्रमाणे त्या पेमेंट केंद्रामार्फतच पैसे द्यायला सांगा. थेट दिलेले पैसे केसच्या हिशोबात दिसत नाहीत, मग तो म्हणतो दिले, नोंद म्हणते नाही, आणि सहा महिन्यांनी भांडण तुमच्या गळ्यात पडतं. चुकून घेतलेच तर लेखी कळवा.

किती कापता येतं यालाही मर्यादा आहे. त्याच्यावर दुसरं कुटुंब असेल तर निव्वळ पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत, नसेल तर ६०, आणि बारा आठवड्यांहून जुनी थकबाकी असेल तर दोन्हीत आणखी ५. म्हणजे "माझा सगळा पगार खाऊन टाकला" असं कधी होत नाही.

नोकरी बदलली तर? नव्या कंपनीला नवीन माणूस घेतल्यावर २० दिवसांच्या आत राज्याच्या नोंदवहीत कळवावं लागतं, आणि ती देशभरच्या यादीशी जुळवली जाते. त्यामुळे डॅलसहून सिअ‍ॅटलला गेला तरी तो सापडतो. अडचण कुठे येते ते आपल्या आयटीतल्या बायकांना ठाऊकच असेल. माणूस ग्रीन कार्डावर आला, स्वतःची एलएलसी (छोटी कंपनी) काढली आणि कॉर्प-टू-कॉर्प, म्हणजे पगाराऐवजी आपल्या कंपनीच्या नावाने बिल लावून, काम घेऊ लागला की कापायला पगारच उरत नाही. अशा वेळी क्लायंटचं नाव, कन्सल्टन्सीचं नाव, लिंक्डइनवर टाकलेली नवी पोस्ट, जे दिसेल ते तारखेसकट प्रोबेशनला लेखी कळवा. फोनवर सांगितलेलं विसरलं जातं. पोर्टलवरून संदेश पाठवा किंवा पत्र द्या, त्यावर केस नंबर घाला आणि प्रत ठेवा. मग बँक खात्यांची जुळणी, क्रेडिट रिपोर्टवर नोंद, थकबाकी ५०० डॉलरवर गेली की केंद्राच्या टॅक्स रिफंडवर जप्ती, परवाने रोखणं, आणि शेवटी कोर्टात हजर राहण्याचा हुकूम आणि न आल्यास वॉरंट, ही सगळी हत्यारं आहेत. थकलेला प्रत्येक हप्ता देय झाल्या दिवशीच कोर्टाच्या निवाड्यासारखा ठरतो आणि १९८६ च्या केंद्रीय कायद्यानंतर तो मागाहून माफ करता येत नाही. त्याची नोकरी गेली तर त्याने लगेच रक्कम कमी करण्याचा अर्ज द्यायचा असतो. गप्प बसला तर मीटर चालूच राहतो.

मुलीला भेटू देण्याचा आणि पैशाचा संबंध लावू नका. पैसे आले नाहीत म्हणून व्हिडिओ कॉल बंद केलेत तर कोर्टात तुमचीच बाजू पडते. त्यालाही भेट मिळत नाही म्हणून पैसे थांबवता येत नाहीत.

सासरच्यांच्या धमकीकडे येते. नोकरी जाईल हे खरं नाही. पगारातून चाइल्ड सपोर्ट कापावा लागतो म्हणून कुणाला काढून टाकणं केंद्राच्या कायद्याने बेकायदा आहे. कंपनीच्या पेरोल विभागासाठी हे रोजचं काम आहे, मॅनेजरला कळतही नाही. उलट पुढे त्याला ग्रीन कार्डानंतर नागरिकत्व हवं असेल तर जाणूनबुजून मुलीला न पोसणं हे त्याच्या वर्तणुकीच्या तपासणीत आडवं येतं. हे त्याच्या वडिलांना शांतपणे सांगून बघा, काही घरात एवढ्याने काम होतं.

तो भारतात जाईल, ही भीती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. चाइल्ड सपोर्टच्या वसुलीचा २००७ चा हेग करार अमेरिकेत १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे, पण भारत त्यात नाही. भारताशी तसा वेगळा करारही नाही. तो पुण्याला जाऊन बसला तर न्यू जर्सीचं प्रोबेशन तिथल्या कंपनीला नोटीस पाठवू शकत नाही. २५०० डॉलरच्या वर थकबाकी गेली की अमेरिकी पासपोर्ट नाकारला जातो. पण तुमचा नवरा भारतीय पासपोर्टवर आहे, त्याला हे लागू नाही. अमेरिकी नागरिक झालेल्या आणि ओसीआयवर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) भारतात राहणाऱ्या बापाला मात्र ते चांगलंच लागतं. मुंबईच्या वकिलातीत पासपोर्टचं नूतनीकरण अडलं की जुने हिशेब अचानक चुकते होतात.

भारतात काय करता येतं? तो असेल तिथल्या कोर्टात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे पूर्वीच्या १२५ खाली, मुलीसाठी नव्याने अर्ज करता येतो. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं आणि रक्कम अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. इथला हुकूम तिथे पुरावा म्हणून वजनदार ठरतो. तो हुकूमच वसूल करायचा असेल तर अडचण अशी की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ मध्ये ज्या देशांचे निवाडे थेट अंमलात येतात त्यात इंग्लंड आहे, अमेरिका नाही. म्हणून अमेरिकी निवाड्यावर तीन वर्षांच्या आत वेगळा दावा लावावा लागतो. त्यात तो पहिला बचाव हाच घेतो: मला नोटीसच मिळाली नाही, निकाल एकतर्फी आहे. कलम १३ खाली हा बचाव टिकू शकतो. म्हणून आज डॅलसला गेलेल्या नोटिशीची पोचपावती, त्याने फोनवरून का होईना सुनावणीला हजेरी लावल्याची नोंद आणि हुकुमाची प्रमाणित प्रत जपून ठेवा.

याहून चांगला उपाय म्हणजे तो इथे असतानाच इथले पैसे अडवणं. एच-१बी वरच्या माणसाची नोकरी गेली की त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि भारतात परतणारे बहुतेक जण ४०१(के) इथेच ठेवून जातात. मुलीच्या सपोर्टसाठी त्या ४०१(के) मधून वाटा काढून देण्याचा खास हुकूम कोर्ट काढू शकतं, त्याला क्यूड्रो म्हणतात. घर असेल तर थकबाकीचा बोजा त्यावर चढतो, आणि पुढच्या हप्त्यांसाठी तारण ठेवायला लावण्याचाही अधिकार न्यू जर्सीच्या कोर्टाला आहे. नोकरी सोडताना मिळणाऱ्या सेव्हरन्समधूनही कपात होऊ शकते. पण हे सगळं करायला हातात आधी हुकूम लागतो, किंवा निदान दाखल झालेला अर्ज. तो लीज मोडतोय, गाडी विकतोय, सामान बोटीने पाठवतोय असं कानावर आलं, तर त्याच दिवशी प्रोबेशनला लेखी कळवा आणि दुसऱ्या दिवशी कुणा वकिलाकडून तातडीचा अर्ज करून घ्या. वकिलाचे पैसे परवडत नसतील तर लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सीच्या हॉटलाइनवर फोन करा. मुलीचा जन्मदाखला, त्याच्या कंपनीचं नाव आणि ४०१(के) चं एखादं जुनं स्टेटमेंट फोन करण्याआधी समोर काढून ठेवा.